सिंकखालचं पाणी सगळ्यांचं, पाना कुणाच्या हातात?

सामायिक ऑफिसच्या पॅन्ट्रीत सिंकखाली बादली ठेवलेली दिसली, की दोन गोष्टी ओळखाव्यात: गळती जुनी आहे, आणि ती सगळ्यांना माहीत आहे. घरात पाणी ठिबकायला लागलं तर दोन दिवसांत कुणीतरी वैतागून प्लंबरला फोन करतं. चार छोट्या कंपन्या आणि पाच-सहा एकेकटे काम करणारे जिथे एकच पॅन्ट्री वापरतात, तिथे प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कुणीतरी जागेच्या चालकाला कळवलं असेल. चालकाला वाटतं, तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक आहे. मधल्या काळात पॅन्ट्रीतल्या मावशी रोज संध्याकाळी बादली रिकामी करतात आणि कपाटाचं प्लाय फुगत जातं.

खरं तर ही दुरुस्ती बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासाची आणि दोन-तीनशे रुपयांची असते. अवघड असतात त्या दोनच गोष्टी. पाणी नेमकं कुठून येतंय ते ओळखणं, आणि सगळ्यांच्या वापरातलं पाणी तासभर बंद करण्याची जबाबदारी कुणीतरी एकाने अंगावर घेणं. ती तुम्ही घेणार असाल, तर पुढचं नीट वाचा.

आधी उगम शोधा

पाणी जिथे साचलेलं दिसतं तिथेच गळती असते असं नाही. वरच्या नटातून निघालेला थेंब पाइपावरून ओघळत खाली येतो आणि खालच्या जोडापाशी टपकतो. मग आपण खालचा जोड आवळत बसतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी सिंकखालचं सगळं सामान बाहेर काढा. भांडी घासायची पावडर, फरशी पुसायचं औषध, जुने डबे, काहीच आत ठेवू नका. सगळे पाइप आणि जोड फडक्याने कोरडे करा. तळाला वर्तमानपत्राचा कागद अंथरा. कागदावर पहिला ओला ठिपका कुठे उमटतो ते दिसतं. मग टिश्यू पेपरचा तुकडा एकेका जोडाभोवती फिरवा, वरून सुरुवात करून खाली या. सगळ्यात वरचा जो जोड कागद ओला करतो, तो तुमचा गुन्हेगार.

यानंतर गळतीची वेळ पाहा. नळ बंद असतानाही पाणी ठिबकत राहत असेल, तर गळती दाबाच्या बाजूला आहे: भिंतीतून आलेला अँगल कॉक, त्यापासून नळापर्यंत गेलेला कनेक्शन पाइप, किंवा त्यांच्यामधले जोड. नळ चालू असतानाच पाणी येत असेल, तर नळाच्या बुडाशी किंवा सांडपाण्याच्या बाजूला पाहावं लागेल. सिंक तुडुंब भरून एकदम सोडल्यावरच पाणी येत असेल, तर जाळीखालची वेस्ट कपलिंग, बॉटल ट्रॅप किंवा वेस्ट पाइप यांपैकी काहीतरी ढिलं झालं आहे. शंका असेल तर सिंकमध्ये पाणी अडवून त्यात कपड्यांच्या निळीचे दोन-तीन थेंब टाका. खाली पडणारं पाणी निळं असेल तर ते सांडपाणी, स्वच्छ असेल तर नळाचं.

दोन गोष्टी हमखास चकवतात. सिंक आणि ग्रॅनाइटच्या ओट्यामधलं सिलिकॉन सुटलं असेल, तर भांडी धुताना उडालेलं पाणी त्या फटीतून खाली उतरतं आणि पाइप गळल्यासारखं दिसतं. दुसरा चकवा एसीचा. बऱ्याच ऑफिसांत स्प्लिट एसीचा ड्रेन पाइप पॅन्ट्रीच्या सांडपाण्यात सोडलेला असतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यातून पुष्कळ पाणी येतं आणि तो पाइप नीट खोचलेला नसला तर सगळं सिंकखाली पसरतं. एसी बंद करून तासाभराने पाहिलं की खुलासा होतो.

गळती किती आहे तेही मोजून ठेवा, कारण आकडा सांगितला की लोक हलतात. मोजमापाचा कप थेंबाखाली 10 मिनिटं ठेवा आणि जमलेल्या पाण्याला 144 ने गुणा, दिवसाचं पाणी कळेल. 10 मिनिटांत 100 मिलिलिटर जमले, तर दिवसाला 14 लिटरपेक्षा जास्त आणि महिन्याला 430 लिटर वाया चाललेत. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या इमारतीत हा आकडा पुरेसा बोलका आहे.

पाणी बंद करण्याआधी माणसांशी बोला

सर्वांत आधी मावशींना किंवा हाऊसकीपिंगच्या दादांना विचारा. गळती कधीपासून आहे, शेवटचं काम कुणी केलं, कॉक कुठल्या बाजूला फिरतो, कुठला वापरायचा नाही, हे त्यांना चालकापेक्षा जास्त माहीत असतं.

मग करार पाहा. अशा जागा बहुधा लीव्ह अँड लायसन्स करारावर घेतलेल्या असतात आणि दुरुस्ती कुणी करायची हे त्यात लिहिलेलं असतं. सर्वसाधारणपणे इमारतीची सामायिक लाइन आणि टाकी संस्थेकडे, गाळ्याच्या आतलं गाळेधारकाकडे किंवा जागा चालवणाऱ्याकडे, अशी विभागणी असते. कनेक्शन पाइप बदलणं हे आतलं काम आहे, तरी चालकाला ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर फोटोसकट कळवून होकार घ्या. उद्या खालच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगवर डाग उमटला तर हा एक संदेश तुमच्या कामी येईल.

आता वेळ ठरवा. जेवणाच्या सुट्टीत किंवा चहाच्या वेळी हे काम काढू नका. सकाळी ऑफिस भरण्याआधी किंवा संध्याकाळी सातनंतर करा. मात्र हार्डवेअरचं दुकान उघडं असेल अशी वेळ निवडा, कारण एखादा वॉशर ऐनवेळी लागतोच. आदल्या दिवशी पॅन्ट्रीच्या दारावर चिठ्ठी लावा: ‘उद्या सकाळी 8.30 ते 9.30 पॅन्ट्रीतला नळ आणि पिण्याच्या पाण्याचा आरओ बंद राहील. कृपया सिंकखालचा कॉक कुणी उघडू नये. अडचण असल्यास माझ्याशी बोलावे.’ खाली नाव आणि बसण्याची जागा लिहा. कॉक उघडू नये हे वाक्य वगळू नका. तुम्ही पाइप उघडून ठेवलेला असताना नळाला पाणी का नाही म्हणून कुणीतरी कॉक फिरवतो, आणि मग जे व्हायचं ते होतं.

मजल्याचा मुख्य व्हॉल्व बंद करावा लागणार असेल, तर त्यावर शेजारचं ऑफिस किंवा स्वच्छतागृहही आहे का, हे वॉचमनला किंवा इमारतीच्या प्लंबरला विचारून घ्या.

आणि वीज. सिंकखाली आरओचा प्लग, छोटा गीझर, कधी कधी चक्क एक्स्टेंशन बोर्ड असतो. ओल्या हाताने त्याला हात लावू नका. बोर्ड ओला दिसत असेल तर स्विच शोधत बसण्याऐवजी पॅन्ट्रीचा एमसीबी खाली करा, मगच आत डोकं घाला.

कनेक्शन पाइप बदलताना

नळ बंद असतानाही होणाऱ्या गळतीत बहुतेक वेळा दोष कनेक्शन पाइपाचा असतो. हा पाइप बाहेरून स्टीलच्या जाळीचा दिसतो, पण पाणी वाहतं ते आतल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या नळीतून. बाहेरची जाळी ती नळी फुगू नये म्हणून असते. जाळीवर गंजाचे डाग, सुटलेल्या तारा किंवा एखाद्या जागी फुगवटा दिसला, तर पाइप बदलायचाच. त्यावर एम-सीलचा गोळा थापणं किंवा टायरची ट्यूब गुंडाळणं हा फक्त त्या रात्रीपुरता उपाय. सतत दाब सोसणाऱ्या आणि हलणाऱ्या लवचीक पाइपावर असली ठिगळं टिकत नाहीत.

साहित्य थोडं लागतं: एक स्लायडिंग पाना, कॉक धरायला दुसरा पाना, टेफ्लॉन टेप, पसरट भांडं किंवा टब, जुनी फडकी आणि मोबाइलचा टॉर्च.

अँगल कॉक बंद करा आणि वरचा नळ उघडा. पाइपातलं उरलेलं पाणी वाहून गेल्यावर धार पूर्ण थांबली पाहिजे. मिनिटभरानंतरही बारीक धार राहिली, तर कॉक पाणी धरत नाही. अशा वेळी मजल्याचा व्हॉल्व बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टब खाली सरकवा. खालचा नट सोडताना एका पान्याने अँगल कॉक घट्ट धरा आणि दुसऱ्याने नट फिरवा. कॉकला आधार न देता जोर लावला तर कॉकच भिंतीत फिरतो, आणि भिंतीतल्या सीपीव्हीसी एल्बोचे आटे निखळले की टाइल फोडण्याची पाळी येते. अर्ध्या तासाचं काम आठवड्यावर जातं ते इथेच. मग वरचा नट सोडा. तिथे जागा अडचणीची असते. हात पोचत नसेल तर लांब दांड्याचा बेसिन पाना इमारतीच्या प्लंबरकडून तासापुरता मागून घ्या.

काढलेला जुना पाइप सोबत घेऊनच दुकानात जा. लांबी आणि दोन्ही टोकं जुळली पाहिजेत. साध्या नळाला दोन्हीकडे अर्धा इंची नट असलेला पाइप लागतो, दीड फुटी किंवा दोन फुटी. एकाच दांडीच्या मिक्सर नळाला मात्र एका टोकाला बारीक आट्यांची सळईसारखी पिन असलेला पाइप लागतो. तो नळाच्या बुडात हाताने फिरवून बसवायचा असतो. त्याला पाना लावला तर आतली रबरी रिंग कापली जाते. नट पितळी असलेला पाइप घ्या. प्लास्टिकचा नट थोडा जास्त आवळला की चिरतो, आणि चीर लगेच दिसत नाही. लांबी किंचित जास्त चालेल, पण ताणून बसवावा लागेल असा आखूड पाइप नको. फार लांब पाइप दुमडला की आतली नळी मोडते.

नवा पाइप आधी खालच्या कॉकला जोडा, दुसरं टोक बादलीत धरा आणि कॉक क्षणभर उघडा. लाइनमधली वाळू, गंज आणि क्षारांचे कण बादलीत जातील, नळात जाणार नाहीत. आता कॉक बंद करून वरचं टोक जोडा. दोन्ही नटांत रबरी वॉशर सपाट बसलेत ना, हे बोटाने चाचपून पाहा. नट आधी हातानेच फिरवा. सुरुवातीलाच अडखळला तर आटे तिरपे चढले आहेत, मागे घेऊन पुन्हा सुरू करा. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव फेरा पुरे. पाव फेऱ्याने थेंब थांबला नाही तर आणखी किंचित आवळा. त्यानंतरही थांबत नसेल तर वॉशर चुकीचा बसला आहे, जोर कमी पडलेला नाही.

शेवटी कॉक हळूहळू उघडा. जोड कोरडे पुसा आणि कागद पुन्हा अंथरा. 15 मिनिटांनी पाहा, तासाने पाहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा. रात्री इमारतीतले बाकीचे नळ बंद असतात, त्यामुळे लाइनचा दाब वाढतो. दिवसा कोरडा राहिलेला जोड रात्रीच खरा कसाला लागतो.

टेफ्लॉन कुठे, वॉशर कुठे

गळती दिसली की टेफ्लॉन गुंडाळायचा ही सवय सोडायला हवी. साधा नियम असा: जिथे रबरी वॉशर पाणी अडवतो तिथे टेफ्लॉन नको, जिथे आटेच पाणी अडवतात तिथे टेफ्लॉन हवा. कनेक्शन पाइपाच्या नटात वॉशर असतो. तिथे टेफ्लॉन गुंडाळला तर नट पुरता बसत नाही, वॉशर दाबला जात नाही आणि गळती वाढते.

अँगल कॉक भिंतीत बसतो तिथे, भिंतीतून निघणाऱ्या सिंक कॉकला आणि एक्स्टेंशन निपलला टेफ्लॉन लागतो. जुने आटे ब्रशने साफ करा. आट्याचं टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेप ताणून गुंडाळा, पहिला आटा मोकळा सोडा. बाजारातला टेप पातळ असतो, त्यामुळे दहा-बारा वेढे द्यावे लागतात. बसवताना कॉकचं तोंड जागेवर यायच्या पुढे गेलं, तर मागे फिरवून सरळ करू नका. मागे फिरवलं की टेप फाटतो आणि तिथूनच पाणी झिरपतं. काढून टेप पुन्हा गुंडाळा.

कॉकच्या मुठीपाशी, दांड्यातून थेंब येत असतील, तर मुठीखालचा छोटा नट किंचित आवळून पाहा. जुन्या, अनेक फेरे फिरणाऱ्या कॉकमध्ये एवढ्याने काम भागतं. पाव फेऱ्यात बंद होणारा नवा कॉक गळायला लागला तर तो बदलणंच सोयीचं.

आरओ आणि सांडपाणी

पॅन्ट्रीत आरओ असेल तर आणखी तीन-चार जोड वाढतात. आरओची नळी दाबून बसवायची असते. टोक तिरकं कापलेलं असेल तर ती कितीही दाबा, गळतेच. धारदार ब्लेडने टोक काटकोनात कापा आणि अडेपर्यंत आत सारा. आरओचं टाकाऊ पाणी सोडणारी नळी अनेकदा वेस्ट पाइपात नुसती खोचलेली असते. भांडी ठेवता-काढताना ती सुटते आणि गळतीचा आळ नळावर येतो. ती क्लिपने बांधा.

सांडपाण्याच्या बाजूला दाब नसतो, त्यामुळे तिथले प्लास्टिकचे नट हातानेच आवळायचे. बॉटल ट्रॅपची खालची वाटी उघडली की चहाचा चोथा, भाताची शितं आणि तेलाचा थर निघतो. वाटी साफ करून, वॉशर धुऊन परत बसवली की बरीच गळती थांबते. वेस्ट पाइप चिरला असेल तर तो बदला. तो लवकर चिरण्यामागे एक सवय असते: किटलीतलं उकळतं पाणी थेट सिंकमध्ये ओतण्याची. पीव्हीसी साधारण 80 अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, उकळतं पाणी त्याहून बरंच गरम असतं. ओतताना गार नळ सोबत सोडायची शिस्त लावली तर पाइप पुष्कळ जास्त टिकतो.

हात कुठे थांबवावा

काही कामं स्वतः करू नयेत. गळती भिंतीच्या आतून येत असेल, टाइलच्या सांध्यातून पाणी पाझरत असेल, अँगल कॉक भिंतीत डुगडुगत असेल, जुन्या जीआय पाइपाचे आटे गंजून झिजले असतील, किंवा मुख्य व्हॉल्वच बंद होत नसेल, तर पाना खाली ठेवा आणि प्लंबर बोलवा. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर ही सावधगिरी जास्त हवी. दर 10 मीटर उंचीला पाण्याचा दाब जवळपास 1 किलोने वाढतो. दहा मजली इमारतीत टाकी गच्चीवर असेल आणि मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व नसेल, तर पहिल्या मजल्याच्या पाइपावर अडीच-तीन किलोचा दाब असतो. तिथे अर्धवट बसलेला नट सुटला तर धार समोरच्या भिंतीवर आदळते.

तुटलेल्या जोडातून मिनिटाला 10 लिटर पाणी गेलं असं धरलं, तरी रात्रीच्या 10 तासांत 6,000 लिटर होतात. ते आधी आपल्या कार्पेटमध्ये आणि मग खालच्या ऑफिसच्या छतात उतरतं. म्हणून काम अर्धवट राहिलं, तर कॉक बंद ठेवा, त्याच्या मुठीला दोरी बांधा आणि ‘दुरुस्ती अपूर्ण, उघडू नये’ अशी चिठ्ठी अडकवा.

पुन्हा गळू नये म्हणून

सिंकखालच्या कपाटात अॅसिड, ब्लीच किंवा स्वच्छतागृह साफ करायची औषधं ठेवू नका. बंद कपाटात त्यांची वाफ कोंडते आणि स्टीलची जाळी, पितळी नट दोन्ही खाते. पाइप नवा असूनही जाळी गंजली असेल तर बहुधा कारण हेच. जड डबे आणि बादल्याही तिथे नकोत, कारण त्यांचे धक्के जोडांना बसतात.

अँगल कॉक तीन महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. बोअर किंवा टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक त्यांनी जाम होतो आणि नेमका हवा तेव्हा हलत नाही. कनेक्शन पाइप गळत नसला तरी पाचेक वर्षांनी बदलून टाका. शनिवारी संध्याकाळी शेवटी निघणाऱ्याने सिंकखालचा कॉक बंद करायचा, एवढा एक नियम केला तरी सोमवारी सकाळी तळं पाहावं लागत नाही.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. मजल्याचा मुख्य व्हॉल्व कुठे आहे, इमारतीच्या प्लंबरचा नंबर, पाइप कधी बदलला ती तारीख आणि पॅन्ट्रीच्या दुरुस्तीचं पाहणाऱ्याचं नाव त्यावर लिहा. ही जबाबदारी दर तीन महिन्यांनी वेगवेगळ्या कंपनीकडे द्या. खर्च किरकोळ असतो, तो सगळ्यांत वाटून घ्या. बिल मात्र त्या कागदाशेजारी लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला पैसे मागायला संकोच वाटणार नाही.

गळती सुरू होण्याची वाट पाहू नका. आज चहाला पॅन्ट्रीत जाल तेव्हा सिंकखालचं दार उघडा, तळावरून हात फिरवा आणि कॉक पूर्ण बंद होतो का ते तपासा. होत नसेल तर आजच चालकाला लेखी कळवा, आणि दुसऱ्या कुणी कळवलं असेल असं मुळीच धरून चालू नका.